एक दिवस शिवारासाठी

(शहरातील एका पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुट्टीचा एक दिवस मुलाबाळांसह आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींसह शेतावर कसा घालवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. सहलीला जाण्यासाठी भाषणाची काय आवश्यकता, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. गाडी काढावी, डबा घ्यावा आणि निघावे, इतके ते सोपे आहे, असे आपल्याला वाटते. परंतु शेत म्हणजे बाग नव्हे आणि करमणुकीचे केंद्रही नव्हे. ते एका कुटुंबाच्या चरितार्थाचे ठिकाण आहे. तेथे जावयाचे तर थोडी पूर्वतयारी आणि थोडा विचार अवश्य केला पाहिजे.

२०११च्या जनगणनेनुसार आपल्या राज्यातील सुमारे ४५ टक्के लोक शहरांत राहतात. शहरातील बहुतेक कुटुंबांचे कोठेतरी एक गाव असे, तो काळ फार जुना नाही. मे महिन्यात मुले आजोळी जात. बैलाला कोणत्या बाजूने जवळ जावे, भुईमुगाची शेंग जमिनीच्या वर लागते की खाली, ज्वारीचे ताट कोणते आणि मक्याचे कोणते, हे त्यांना कोणी मुद्दाम शिकवावे लागत नसे. आता पुष्कळांचे आजोळही शहरातच असते. भाकरी रोज ताटात येते. पण ती ज्या कणसातून आली, ते कणीस मुलाने पाहिलेले नसते. यात दोष मुलांचा नाही. ही ओळख करून देणे आता आपल्याला ठरवून करावे लागणार आहे, एवढाच याचा अर्थ.

शेती मुख्य, पर्यटन पूरक

या कामी कृषी पर्यटन केंद्रे उपयोगी पडतात. शेतकऱ्याने आपली शेती चालू ठेवून, त्याच शेतावर पाहुण्यांचे स्वागत करावे आणि त्यापासून पूरक उत्पन्न मिळवावे, ही कृषी पर्यटनाची मूळ कल्पना. इटलीने १९८५ साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार वैयक्तिक शेतकरी, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये आणि कृषी विद्यापीठे यांना अशी केंद्रे सुरू करता येतात व पर्यटन संचालनालयाकडे त्यांची नोंदणी करता येते.

यातील ‘पूरक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न पावसावर आणि बाजारभावावर अवलंबून असते. चार-पाच महिने राबल्यानंतर बाजार समितीत त्याच्या मालाला काय दर मिळेल, हे त्याच्या हाती नसते. पाहुण्यांकडून येणारा पैसा मात्र त्याच दिवशी हाती येतो आणि त्याचा दर शेतकरी स्वतः ठरवितो. शेतावरच्या स्त्रियांच्या श्रमाचाही येथे हिशेब होतो. घरात भाजलेल्या भाकरीची मजुरी कोणी मोजत नाही. पाहुण्यासाठी भाजलेल्या भाकरीचे मोल होते. म्हणून आपली एक दिवसाची सहल ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने किरकोळ बाब नसते.

परंतु याला एक दुसरी बाजू आहे. पाहुण्यांनी तेथे जाऊन केवळ कर्णकर्कश संगीत, पोहण्याचा तलाव आणि कृत्रिम पावसातील नाच यांचीच मागणी केली, तर शेतकरी हळूहळू तेच देऊ लागतो. मग गोठ्याच्या जागी फरशी येते, पिकाच्या जागी हिरवळ येते आणि शेतीच मागे पडते. केंद्रांचे स्वरूप कसे राहील, हे शासनाच्या धोरणाइतकेच आपल्या मागणीवरही अवलंबून आहे. हे ध्यानात ठेवूनच सहलीची आखणी करावी.

प्रथम पीक, मग तारीख

आपण सामान्यतः आधी सुट्टी पाहतो, तारीख ठरवितो आणि मग ठिकाण शोधतो. शेतावर जाताना हा क्रम बदलावा. मुलांना काय दाखवावयाचे, हे आधी ठरवावे आणि ते कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात दिसेल, याची चौकशी करावी.

भातलावणी पाहावयाची असेल तर जुलै महिना आणि मावळ, मुळशी, भोर, कर्जत यांसारखा पावसाचा मुलूख योग्य. तीन-साडेतीन आठवड्यांचे रोप उपटून, त्याच्या मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात ते लावले जाते. गुडघाभर चिखलात वाकून तासभर लावणी केली, की ताटातील भाताकडे पाहण्याची मुलाची दृष्टी बदलते. मात्र लावणीची तारीख पाऊस ठरवितो. तो लांबला तर लावणी लांबते. म्हणून महिनाभर आधी दिवस पक्का करण्याऐवजी शेतकऱ्याच्या संपर्कात राहावे आणि त्याने सांगितलेल्या आठवड्यात जावे.

थंडीच्या दिवसांत हुरडा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली रब्बी ज्वारी निसवते, कणसात दाणा भरतो आणि तो टणक होण्यापूर्वी काही दिवस कोवळा व गोड असतो. दाण्यातील साखरेचे पुढे पिठात रूपांतर होते, म्हणून ही गोडी थोड्याच दिवसांची. हंगाम लांबावा यासाठी शेतकरी ज्वारीची पेरणी टप्प्याटप्प्याने करतात. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांत आणि मराठवाड्यात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात हुरड्याची केंद्रे गजबजलेली असतात. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवितात, निखाऱ्यांत कणसे भाजतात आणि गरम कणीस तळहातावर चोळून दाणे मोकळे करतात. गूळभेंडी, सुरती ही हुरड्याच्या ज्वारीची जुनी नावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे खास हुरड्याचे वाण दिले आहेत. भाकरीची ज्वारी आणि हुरड्याची ज्वारी यांत फरक काय, हे शेतकऱ्यालाच विचारावे. त्याचे उत्तर पुस्तकातील धड्यापेक्षा अधिक लक्षात राहील.

ऊसपट्ट्यात जाणार असाल तर याच दिवसांत गुऱ्हाळ पाहावे. सुमारे दहा किलो उसापासून एक किलोच्या आसपास गूळ मिळतो आणि तो ऊस शेतात किमान वर्षभर, आडसाली लागण असेल तर सोळा ते अठरा महिने उभा असतो, हे गणित मुलांना तेथेच करावयास लावावे. चहात पडणाऱ्या गुळाच्या खड्यामागे किती पाणी, किती काळ आणि किती हात असतात, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागा जानेवारी ते मार्च या काळात घडांनी लगडलेल्या दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात हिवाळ्यात स्ट्रॉबेरीची तोडणी चालते. कोकणात आंब्यासाठी एप्रिल व मे हे महिने. आणि ज्यांना फळ नव्हे तर कष्ट दाखवावयाचे आहेत, त्यांनी ऑक्टोबरमध्ये द्राक्षबागेत जावे. फळछाटणीनंतरची ती उघडीबोडकी बाग पाहिली, म्हणजे पुढच्या घडांची किंमत कळते.

शेताचे घड्याळ

महिन्याप्रमाणेच दिवसाच्या वेळेचाही विचार करावा. शहरातून दहाला निघून बाराला पोहोचणारे कुटुंब शेत पाहत नाही. ते फक्त जेवते आणि झोपते. धारा पहाटे किंवा सकाळी लवकर आणि पुन्हा सायंकाळी काढतात. दुपारी गोठ्यात गेल्यास जनावरे रवंथ करताना दिसतील, धार दिसणार नाही. पक्षी सकाळी आणि सायंकाळी पिकावर उतरतात, त्यामुळे गोफण फिरविण्याची वेळही तीच. फुले आणि भाजीपाला यांची तोडणी पुष्कळदा सकाळीच आटोपते.

म्हणून शक्यतो आठच्या आत शेतावर पोहोचावे. घरापासून दोन-अडीच तासांपेक्षा दूरचे केंद्र एका दिवसासाठी निवडू नये; प्रवासातच मुले थकून जातात. सकाळचे दोन-तीन तास शिवारफेरी व प्रत्यक्ष कामासाठी ठेवावेत. दुपारी भोजन, विश्रांती आणि सावलीतील खेळ. ऊन उतरल्यावर बैलगाडी, गोठा आणि खरेदी. दिवसभरात पाच-सहा कार्यक्रम कोंबण्यापेक्षा दोनच कामे मुलांना पुरेशी करू द्यावीत. ज्या मुलाने एक वाफा स्वतः खुरपला, त्याला त्या दिवसाने काहीतरी दिले, असे समजावे.

घरातील वृद्धांसाठी वेगळी सोय पाहावी. बसण्यास ओटा किंवा बाज, जवळ प्रसाधनगृह आणि चालण्यास सपाट वाट असावी. गावात वाढलेल्या आजी-आजोबांना मात्र नुसते सावलीत बसवून ठेवू नये. नांगर, कुळव, पाभर, मोट यांची नावे नातवंडांना सांगण्याचा मान त्यांचा आहे.

जाण्यापूर्वी विचारावयाच्या गोष्टी

केंद्र ठरविताना दूरध्वनीवरून काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. केंद्राची नोंदणी आहे काय? सध्या शेतात कोणती पिके उभी आहेत? माणशी दरात काय काय समाविष्ट आहे; सकाळची न्याहारी, जेवण, बैलगाडी, शिवारफेरी यांचे पैसे वेगळे आहेत काय? लहान मुलांचा दर किती? स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृह व कपडे बदलण्याची जागा आहे काय? पिण्याच्या पाण्याची व्यवस्था कशी आहे? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे?

आपली संख्या आधी कळवावी आणि ती पाळावी. उपाहारगृहातील स्वयंपाकघर आणि चूल यांत फरक आहे. चुलीपुढे बसलेली बाई एकेक भाकरी हाताने थापते. दहा माणसे सांगून अठरा नेली, तर त्या आठ जणांच्या भाकरीचा भार तिच्या हातांवर पडतो. अठरा सांगून दहा गेले, तर अन्न वाया जाते आणि तोटा शेतकऱ्याचा होतो.

सोबत सुती व अंग झाकणारे कपडे, चिखलासाठी कपड्यांचा एक जादा जोड, टोपी, बंद पादत्राणे, प्रत्येकाची पाण्याची बाटली, नेहमीची औषधे, प्रथमोपचाराची पेटी आणि खरेदीसाठी कापडी पिशव्या असाव्यात.

सुरक्षिततेचा विचार

आता ज्या मुद्द्यावर मला आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे, तो मुद्दा सांगतो. शेतावरील धोके शहरातील धोक्यांहून निराळे असतात आणि शहरातील मुलाला ते ओळखता येत नाहीत.

पहिला धोका पाण्याचा. अनेक शेतांवर आता शेततळी आहेत. पाणी मुरू नये म्हणून त्यांच्या तळाशी आणि उतारावर प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते. वरून शांत दिसणाऱ्या या तळ्याचे काठ ओले झाल्यावर इतके निसरडे होतात, की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही आधाराशिवाय वर चढता येत नाही. शेततळ्याला कुंपण आहे काय, काठावर दोर व हवा भरलेली ट्यूब ठेवली आहे काय, हे पोहोचताच पाहावे. कुंपण नसेल तर मुलांना त्या बाजूस फिरकू देऊ नये. कठडा नसलेल्या विहिरीबाबतही हाच नियम. ‘सगळेच लक्ष ठेवतील’ म्हणजे कोणीच ठेवणार नाही. मुलांवर लक्ष ठेवणारी व्यक्ती नावानिशी ठरवावी आणि दर दोन तासांनी पाळी बदलावी.

दुसरा धोका यंत्रांचा आणि विजेचा. कडबाकुट्टी, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, चालू ट्रॅक्टर यांच्याजवळ मुलांनी जाऊ नये. गुऱ्हाळात उकळत्या काहिलीपासून त्यांना दूर ठेवावे. आगटीभोवती सैल ओढण्या व कृत्रिम धाग्याचे कपडे टाळावेत.

तिसरा, साप व विंचू यांचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. गवतात अनवाणी जाऊ नये. दगड, गोवऱ्या किंवा कडब्याची गंजी हाताने उचकटू नये. दुर्दैवाने दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून, सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात विनाविलंब न्यावे.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा कडाडतात. अशा वेळी झाडाखाली न थांबता पक्क्या घरात यावे. पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अशा जखमेतून शरीरात शिरतो. धारोष्ण दुधाचे कौतुक आपण ऐकलेले असते, तथापि मुलांना दूध उकळूनच द्यावे. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय फळ तोडून तोंडात घालू नये. त्या पिकावर औषध केव्हा फवारले, हे त्यालाच ठाऊक असते.

काही केंद्रांवर दोरीचा पूल, तारेवरून घसरत जाणे, उंच मनोऱ्यावर चढणे असे साहसी खेळही असतात. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले असून, अशा उपक्रमांच्या आयोजकांसाठी नोंदणी व सुरक्षिततेच्या अटी ठरविल्या आहेत. शिरस्त्राण, कंबरपट्टा आणि प्रशिक्षित माणूस यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर मुलाने कितीही हट्ट केला तरी नकार द्यावा. खरे पाहता, झाडावर चढणे, बांधावरून तोल सांभाळत चालणे, नेम धरून गोफण फिरविणे हेही साहसच आहे आणि शहरातील मुलाला ते पुरेसे आहे. मात्र तेथेही जवळ मोठे माणूस हवे, आणि गोफणीचा धोंडा सुटतो त्या दिशेस कोणी उभे नसावे.

आपण पाहुणे आहोत

पैसे दिले म्हणजे सर्व काही विकत घेतले, ही भावना शेतावर नेऊ नये. पीक तुडवू नये. बैल दमलेला असेल तर गाडीची आणखी एक फेरी मागू नये. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या परत न्याव्यात; रानात टाकलेली पिशवी जनावराच्या पोटात जाते. ताटात टाकून दिलेल्या अन्नाकडे ते पिकविणारा माणूस समोर उभा राहून पाहत असतो, याचे भान ठेवावे.

पाण्याविषयी तर अधिकच. माण, खटाव, आटपाडी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत विहिरीतील पाण्याला पिकाइतकेच मोल असते. अशा भागात घटकाभराच्या करमणुकीसाठी फवारे उडविण्याची मागणी करणे शोभत नाही. त्याऐवजी ठिबक सिंचनाने थेंब थेंब पाणी झाडाच्या मुळाशी कसे पोहोचते, हे मुलांना दाखवावे. तोही पाण्याचाच खेळ आहे आणि त्यातून काही शिकावयास मिळते.

परतताना शेतावरचा माल अवश्य विकत घ्यावा. गूळ, काकवी, ज्वारी, हातसडीचा तांदूळ, कडधान्ये, बचत गटाच्या महिलांनी केलेल्या चटण्या, जे असेल ते. दुकानात छापील किंमत आपण निमूटपणे देतो. शेतकऱ्याशी मात्र पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. मुले हे पाहत असतात. दिवसभर त्यांना कष्टांची थोरवी सांगावी आणि सायंकाळी कष्टांच्या दामावर घासाघीस करावी, हे सुसंगत नाही.

नाते टिकविणे

शेवटी एक सूचना करतो. दरवर्षी नवे ठिकाण शोधण्याऐवजी एकाच शेतावर वर्षातून तीनदा जाऊन पाहावे. पेरणीच्या वेळी, पीक फुलोऱ्यात असताना आणि काढणीला. ज्या रानात मुलाने बी टाकले, त्याच रानातले धान्य त्याच्या हातात पडू द्यावे. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, तर करपलेले पीकही त्याने पाहावे. शेती ही नेहमी हिरवीगारच नसते, हेही त्याला कळले पाहिजे. अशा वर्षी शेतकऱ्याला पाहुण्यांची खरी गरज असते आणि नेमके तेव्हाच पाहुणे फिरकत नाहीत. शेत पाहण्यासारखे राहिले नाही म्हणून आपण जाणे रद्द करावे काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

नव्या ओळखीतून जर शहरातील एका घराचे आणि खेड्यातील एका घराचे असे नाते जुळले, की दुष्काळाची बातमी ऐकताच आपल्या मुलाने ‘त्या काकांच्या विहिरीला पाणी असेल का?’ असे विचारावे, तर त्या सहलीवर केलेला खर्च कारणी लागला, असे मी म्हणेन.

येत्या सुट्टीत आपण सर्वांनी अशा एका दिवसाचा संकल्प करावा, अशी माझी विनंती आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.